शर्यतीत थांबायचं नसतं

प्रमिलाताई, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जो तो उठून बोलत होता. बाई फार शांत होत्या. सोशिक होत्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की अहो, तुम्ही कोणाबद्दल बोलताय? ही बाई माझ्याशी तीन वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होती! पोळ्या लाटताना भांडायची, कपडे वाळत घालताना भांडायची. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी, "छाया, मले आता एक नवीन मुद्दा सुचला," असं म्हणायची. हिला शांत म्हणता?

चारचौघांत मी तुला कायम अहो-जाहो केलं. तू थोरली जाऊ, मी धाकटी. पण घाटातल्या त्या दुपारपासून आपण दोघीच असलो की 'तू'. इथेही दोघीच आहोत.

मला तुझं ते डेंग्यूचं आजारपण लिहायचं नाही. ताप काय आला, प्लेटलेट काय घसरल्या, आणि आठवड्याच्या आत तू नाहीस. त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. मला तो दिवस लिहायचाय. मार्च संपत आलेला, धरणाच्या भिंतीवर आपण दोघी अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत उभ्या, डोक्यावर पिवळ्या टोप्या, आणि तू माझ्या कानाशी म्हणतेस, "पोट दुखून राह्यलं काय तुहं? माहं बी दुखून राह्यलं. म्हंजे सगळं बराबर हाय."

मला तर पोहायलाही येत नव्हतं गं. मी दुसरबीडची. आमच्याकडे विहिरीत पोरं उड्या मारायची, पोरींनी काठावरून बघायचं. धावणं तेवढं मला येत होतं. लग्न होऊन चिखलीला आले, पोस्टात लागले, तरी पहाटे मेहकर रोडला धावायला जायचे. तू दारात रांगोळी टाकत असायचीस. पहिल्या दिवशी तू विचारलंस, "काऊन पळून राह्यली वं इतकी? कोनी मांगं लागलं काय?" मला वाटलं, आता ही सासूबाईंना सांगणार. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले बूट घालून फाटकात उभी. धावता येत नव्हतं तुला. पाय आपटत यायचीस मागून, आणि दम लागला की गणिताच्या बाई असल्यासारखं मला समजावून सांगायचीस की माझं पाऊल लांब पडतं म्हणून माझी शक्ती वाया जाते.

मग तूच मला आपल्या मळ्यातल्या विहिरीत ढकललंस. खरंच ढकललंस! पाठीला तेलाची रिकामी कॅन बांधली होती एवढीच दया. तू वडनेर भोलजीची, लहानपणी भावांच्या बरोबरीने विहिरीत उड्या मारणारी. पायरीवर उभी राहून ओरडत होतीस, "तोंड मिट! बोलनं बंद ठेव! पान्यात बोलाचं नसते!" मी नाका-तोंडात पाणी जाऊन रडत होते आणि तू हसत होतीस. तो उन्हाळा संपेस्तोवर मी कॅन सोडून विहिरीला फेऱ्या मारायला लागले. त्या दिवशी तू घरी येऊन शिरा केलास आणि कुणालाच सांगितलं नाहीस कशाबद्दल.

बुलढाण्याच्या सायकलवाल्या मंडळींनी ही स्पर्धा ठेवलीये, हे तूच शाळेतून ऐकून आलीस. नळगंगेच्या धरणात दोनेक किलोमीटर पोहायचं. मग सायकल, मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाणा, परत खाली, आणि परत एकदा तोच घाट. नव्वदच्या आसपास. त्यानंतर धरणाच्या कालव्याकाठाने एकवीस किलोमीटर धावायचं. मी म्हटलं, "ताई, आपण काय वेड्या आहोत?" तू म्हणालीस, "हाव. पण दोघी हाओत."

खरी अडचण घरात होती, आठवतं? दादा. तुझे यजमान, माझे भासरे. त्यांच्यासमोर मी आजही पदर नीट केल्याशिवाय जात नाही. ते ओरडले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फक्त जेवता जेवता म्हणाले, "या वयात तसले कपडे घालून, लोकांसमोर." आणि ताट सरकवून उठले. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी खामगावचं एक लग्न काढलं. "लगनाले जा लागते," म्हणाले.  आदल्या संध्याकाळी सायकलला तेल घालताना तू तीच साखळी पुन्हा पुन्हा पुसत होतीस, ते मला दिसलं.

आणि मग ती शिट्टी!

आजही ती कानात वाजली की माझ्या अंगावर काटा येतो. पन्नासेक माणसं एकदम पाण्यात. बायका आपण मोजक्याच. कुणाचा पाय माझ्या खांद्यावर, कुणाचा हात चष्म्यावर, हिरवट पाणी, आणि तळ दिसत नाही. विहिरीला चार बाजू असतात गं, धरणाला बाजूच नाही! पायाला काहीतरी शेवाळ्यासारखं लागलं आणि मी घाबरून उभी राहायला गेले, तर खाली काहीच नाही. तेवढ्यात पाच-सहा हातांवर तुझी पिवळी टोपी. तू मागे वळून बघितलंस आणि तोंड मिटायची खूण केलीस. बस. एवढीच. मी तोंड मिटलं आणि हात मारायला लागले. पाण्यावर खुणेला सोडलेल्या पहिल्या लाल फुग्याला वळसा घातला तेव्हा सूर्य धरणाच्या भिंतीवर आला होता आणि सगळं पाणी चमचमत होतं. मला मध्येच हसू यायला लागलं. पोस्टातली छाया, नळगंगेच्या मधोमध!

बाहेर आले तर तू कधीच सायकलवर बसून गेलेली. पोहण्यात तू सगळ्या बायकांच्या पुढे होतीस. माईकवरचा माणूस तुझं नाव चुकीचं घेत होता आणि मी ओल्या केसांनी त्याला ओरडून दुरुस्त करत होते, "प्रमिला! प्र-मि-ला!"

पहिला घाट तर सणासारखा गेला. सकाळची वेळ, सागाची पानं गळून रस्त्याच्या कडेला पडलेली, वळणावळणावर माकडं बसलेली, आपल्यालाच बघायला आल्यासारखी. मोताळ्याची पोरंसोरं टाळ्या वाजवत होती. बुलढाण्याला वळून परत उतरताना तू मला पुढच्या वळणांवर दिसत होतीस. एका वळणावर तुझा आवाज आला. तू गात नव्हतीस, बोलतही नव्हतीस, नुसती ओरडत होतीस, "ए-ए-ए!" शेचाळीस वर्षांची, शिक्षिका, दोन लेकरांची आई, वारा कापत घाट उतरतेय आणि लहान पोरीसारखी ओरडतेय. मी पण ओरडले. दरीतून आपल्या दोघींचे आवाज मागे आले.

दुसऱ्यांदा घाट लागला तेव्हा तो घाट राहिला नव्हता, तवा झाला होता. बारा वाजून गेलेले. डांबर मऊ पडलेलं, चाकं चरचरत होती. माकडं सावलीला जाऊन बसली होती. खालून येणारा वारा असा गरम, की बाटलीतलं पाणी प्यायचं की अंगावर ओतायचं कळेना. तू नेहमी म्हणायचीस, घाटावरच्या लोकांना ऊन सोसत नाही, आम्ही घाटाखालचे, आम्ही उन्हातच जन्मतो. मी ते आठवत, चिडत, पायडल मारत होते. आणि एका वळणाला बघते तर तू. कठड्याला टेकून बसलेली, सायकल आडवी, उजवा पाय दोन्ही हातांनी धरलेला. पोटरी गोळा होऊन दगड झाली होती.

मी उतरले. तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग रस्त्याकडे.

"जाय."

"ताई, पाय द्या इकडे."

"छाया, जाय. वर दोरी लावून देतील. वेळ संपला का दोघी बी गेलो." वर बुलढाण्याच्या वळणावर ठरलेल्या वेळेच्या आत पोचलं नाही, तर स्पर्धेतून बाद करत होते.

"तुम्हाला सोडून नाही जाणार."

"अवं शर्यत हाय ते! शर्यतीत थांबाचं नसते! इतकं बी नाही समजत तुले?"

आणि माझ्या तोंडून निघालं. सगळं ऊन, सगळा दम, विहिरीपासूनचं सगळं एकदम निघालं. "गप बस! पाय सरळ कर प्रमिला, नाहीतर मी तुझ्या थोबाडीत देईन!"

 खाली कुठेतरी ट्रकचा हॉर्न. मला वाटलं, आता संपलं, थोरल्या जावेला थोबाडीत देण्याची भाषा केली मी, आता हिचं माझं बोलणं बंद. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग तुझे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेस. तू हसत होतीस. पोटरीत गोळा आलेला, डोळ्यांतून पाणी, आणि तू हसत होतीस. "माय वं," म्हणालीस, "माह्या सासूनं बी कधी असं म्हणलं नाही मले."

मी तुझा पाय मांडीवर घेतला, टाच दाबली, बोटं वर ओढली. मीठ-साखरेचं पाणी तुला पाजलं, उरलेलं डोक्यावर ओतलं. गोळा हळूहळू सुटला. तू उठलीस, दोन पावलं चाललीस, आणि सायकलवर बसलीस ती मला न सांगताच. मला मागून धावत सायकल पकडावी लागली!

उरलेला घाट आपण बाजूबाजूने चढलो.  नुसते श्वास. शेवटच्या वळणावरून एक शिट्टीवाला माणूस दिसला, हातात दोरी घेऊन, घड्याळाकडे बघत. तो दोरी बांधायला खाली वाकला आणि तू शाळेतल्या आवाजात ओरडलीस, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात, "थांब रे! हात लावू नको तिले!" त्या माणसाने खरंच हात मागे घेतला. आपण दोघी दोरीवरून गेलो आणि त्याने मागे दोरी वर ओढली.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. पोस्टात, माहेरी. इथपर्यंत मी चांगली दिसते ना त्यात! पुढची गोष्ट तू सांगायचीस.

धावणं माझं होतं. घाट उतरून धरणावर आलो, सायकल टेकवली, बूट बदलले, आणि मी निघाले. तू मागे राहिलीस. कालव्याची वाट सरळ, एकीकडे पाणी, दुसरीकडे कापणी झालेली गव्हाची रानं, सावलीला नाव नाही. अर्ध्याच्या थोडं पुढेपर्यंत मी छान पळाले. मग पोटात कळ आली. थांबले, उलटी झाली, परत पळाले. परत कळ. एका लिंबाच्या झाडाखाली मी जी बसले ती बसलेच. पाय चालेनात असं नाही. मनच बसलं. वाटलं, पुरे. इतकं केलं, पुरे. कोण विचारणार आहे? घाटात मी थांबले होते, माझं काम झालं.

आणि तू आलीस. ती तुझी पाय आपटत धावण्याची तऱ्हा, लांबून ओळखू यायची. मला किती बरं वाटलं सांगू! आता ही बसेल माझ्याजवळ, दोघी मिळून परत जाऊ, हसत. तू माझ्यासमोर आलीस. वेग कमी केलास, पण पाय थांबले नाहीत. जागच्या जागी पळत राहिलीस.

"डोकं गरगरते काय?"

"नाही."

"पानी पोटात राह्यते काय?"

"आता राहतंय."

"नाव सांग तुहं."

"ताई, काय हे? छाया."

"मंग ऊठ. मी थांबत नाही."

आणि गेलीस! प्रमिलाताई, तू सरळ निघून गेलीस! मी आधी मानलंच नाही. वाटलं, पुढे जाऊन वळशील. नाही वळलीस. तुझी पाठ लहान होत गेली. आणि माझ्या पोटात अशी आग उठली, जी त्या उन्हात पण नव्हती. मी हिच्यासाठी घाटात थांबले! हिचा पाय मांडीवर घेतला! आणि ही मला नाव विचारून निघून जाते? मी उठले. उलटीची चव तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि मी पळायला लागले. तुला गाठून काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. एकेक वाक्य घासून धारदार करत होते. कळ आली तरी थांबले नाही, कारण तू पुढे जाशील ना! एक वळण, दुसरं वळण, पाण्याचं टेबल, कुणीतरी हातात टरबुजाची फोड दिली, ती मी पळता पळताच खाल्ली. तू दिसायचीस आणि हरवायचीस. अंतर कमी होत होतं. धरणाची भिंत दिसली, लोकांचा गलका आला, मंडप दिसला. तुझं नाव पुकारलं. यावेळी बरोबर पुकारलं. थोड्या वेळाने माझं.

मी कमानीखालून आत आले तेव्हा तू सतरंजीवर उताणी पडली होतीस, दोन्ही पाय खुर्चीवर, अंगाखाली सगळं ओलं. मी तुझ्यासमोर उभी राहिले. बोलायला तोंड उघडणार, तोच तू डोळे उघडलेस.

"आली? मले वाटलं बसली तठीच."

मी तुझ्या शेजारी धाडकन पडले आणि आपण दोघी रडलो. तुझं कारण मला माहीत नाही. माझं, मला वाटतं, आनंदाचं होतं.

त्यानंतर सुरू झालं ते भांडण. माझं म्हणणं साधं होतं. मी घाटात थांबले नसते तर तू दोरीच्या आत आली नसतीस, म्हणजे शर्यत खरी मीच जिंकले. तुझं म्हणणं, कालव्यावर तू थांबली असतीस तर मी उठलेच नसते, आपण दोघी त्या झाडाखाली बसून गोष्टी केल्या असत्या, आणि ट्रॅक्टरमधून परत आलो असतो. "मी तुले शुद्धीवर हाय का नाही पाह्यलं. पाह्यलं ना? मंग? त्याच्यावर मी काय कराव? तुह्या डोक्यावर हात फिरवत बसाव?" मी म्हणायचे, माणुसकी नावाची गोष्ट असते. तू म्हणायचीस, "असते. पन तिचे दोन परकार असतात." माझे यजमान वैतागून अंगणात जाऊन बसायचे. तीन वर्षं! आणि तू कधी मान्य केलं नाहीस, मीही नाही.

दवाखान्यात तुझा ताप जरा उतरला होता त्या दुपारी मी सहज म्हटलं, "बरी हो लवकर. कालव्याचा हिशेब बाकी आहे." तू डोळे मिटूनच हसलीस. "घरी जाऊन सांगतो तुले. माह्याजवळ शेवटचा मुद्दा हाय." तो मुद्दा काय होता गं? मी कितीतरी वेळा डोकं लढवलं. गणिताच्या बाईंचा शेवटचा मुद्दा, माझ्याच्याने सुटत नाही.

पण तुला खरं सांगायचं ते पुढे आहे.

पाहुणे गेल्यावर परवा सकाळी मी ओसरीवरून जात होते. दादा एकटेच खाटेवर बसले होते. मी पदर सावरून पुढे निघाले तर हाक आली, "छाया." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी थांबले.

"बस."

मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी नजर अंगणाकडे वळवली. मग म्हणाले, "मी लगनाले गेलतो त्या दिवशी. लगन कोनाचं होतं ते बी आता ध्यानात नाही माह्या." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "ते मले सांगत होती. मी अर्धंच आयकलं. तू होती ना तठी. सांग मले. पह्यल्यापासून सांग."

आणि मी सांगितलं, ताई. सगळं. आपलं पोट दुखणं, पिवळ्या टोप्या, माईकवरचा माणूस. तू सगळ्या बायकांच्या पुढे पाण्यातून बाहेर आलीस हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली. "सगळ्याइच्या?" "सगळ्यांच्या, दादा." घाट उतरताना तू कशी ओरडलीस ते मी ओरडून दाखवलं, ओसरीवर, भासऱ्यांसमोर! सासूबाई आतून धावत आल्या काय झालं म्हणून. थोबाडीत देईन म्हणाले तेही सांगितलं, खाली मान घालून. दादा हसायला लागले. तोंडावर पंचा धरून, हलत हलत हसत होते, आणि मग पंचा तोंडावरच राहिला.

मी थांबले. ते पंच्याआडून म्हणाले, "सांग. थांबू नको."

मग कालवा सांगितला. झाड, उलटी, तू जागच्या जागी पळत माझं नाव विचारलंस ते. तू निघून गेलीस ते. मी चिडून कशी उठले ते. तुझ्या मागे शेवटपर्यंत कशी आले ते. दादांनी पंचा खाली घेतला. डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर असं काही होतं, जसं तूच आत्ता सायकल टेकवून दारात आली आहेस.

"मंग जितली कोन?" त्यांनी विचारलं.

मला घाट आठवला. दोरी आठवली. तीन वर्षांची माझी सगळी वाक्यं तोंडाशी आली.

"त्या जिंकल्या, दादा," मी म्हटलं. "त्या थांबल्या असत्या तर मी पोचलेच नसते."

ऐकलंस ना? मी एकदाच म्हणाले. परत म्हणणार नाही.